नंद्याचा उजवा डोळा

उदगीर, श्रावणातला दुसरा सोमवार

ती. दानम्माक्कास धाकट्या रेवणप्पाचा शरणु शरणार्थी.

निलंग्यात सगळी मंडळी खुशाल असतील. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, काळा चष्मा निघाला, आता तुला तांदळातला खडा दिसतो आणि सुनेच्या कपाळावरची आठीही दिसते, असं फोनवर कळलं. आनंद झाला. (सुनेला झाला नसेल.) माझी तब्येत ठणठणीत आहे. डोळेही ठीक आहेत, ते दर वेळी विचारत जाऊ नकोस.

पत्राचं कारण नंद्या. नंद्या म्हणजे आपल्या महांतेशचा मासा. नातू पुण्याला नोकरीला गेला आणि जाताना हा हातभर लांब, अंगावर चांदीचे रुपये शिवल्यासारखा दिसणारा प्राणी माझ्या गळ्यात घालून गेला. त्याच्या जातीला आरोवाना म्हणतात. ते कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून मी नंद्या केलं. आपल्या लिंगायताच्या घरात हा एकटाच मांसाहारी. त्याच्या गोळ्यांचा डबा सूनबाई वर्षाराणी जिन्याखाली ठेवते आणि चमचा धुण्याच्या दगडावर. बस सुटताना महांतेश खिडकीतून म्हणाला, "अज्जा, बाकी काही नको, तेवढं नंद्याला सांभाळा." मी म्हणालो, "हाव रे." निघालेल्या लेकराला 'न्हाई' कसं म्हणायचं?

तो गेल्यावर मी सकाळची लिंगपूजा देवघरातून काढून बैठकीत, नंद्याच्या काचपेटीखाली आणली. (पेटीतल्या दिव्याचा उजेड तिथं छान पडतो. दुसरं काही कारण नव्हतं.) पेटी उंच लोखंडी टेबलावर, मी खाली चटईवर, डाव्या तळहातावर इष्टलिंग. मी बसलो की नंद्या पोहत कोपऱ्यात यायचा आणि खाली माझ्या तळहाताकडं एकटक बघायचा. अक्का, माझा ऊर भरून आला. मागच्या जन्मीचा कुणी शिवभक्त शरण असावा म्हणून मी गुंडप्पाच्या हॉटेलात सांगितलं, आणि गुंडप्पाला सांगणं म्हणजे गावात दवंडी. लोक बघायला येऊ लागले. चहा करून करून वर्षाराणीचे हात दुखले. मठातले स्वामीही येऊन गेले. बराच वेळ बघून म्हणाले, "एकाग्रता आहे." मी दोन दिवस जमिनीवरून चालत नव्हतो.

मग महांतेशला हा सोहळा फोनवर दाखवला, तर पोरगं ओरडलंच. "अज्जा, त्याचा उजवा डोळा खाली लोंबून राहिलाय! तुम्हाला दिसत न्हाई का?" वर्षाराणी जवळ गेली, वाकली, आणि तिनं माझ्याकडं बघितलं. सैल दोऱ्याच्या गुंडीसारखा डोळा खाली झुकलेला. डावा अजून सरळ होता. तो तरी वाचवायचा म्हणून मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं लातूर गाठलं.

शोभेचे मासे विकणाऱ्या संगप्पानं फोनवरचा नंद्याचा व्हिडिओ बघून मान हलवली. म्हणाला, नक्की कारण कुणालाच ठाऊक न्हाई. कुणी चरबीच्या खाण्याला बोल लावतो, कुणी जन्माचा दोष म्हणतो, कुणी म्हणतो हा मासा नदीत वर बघून किडे पकडणारा, त्याला पेटीत सारखं खाली बघायला लावलं की डोळा उतरतो. मग विचारलं, "पेटीच्या खाली काय हलतं?"

"मी. पूजा करतो."

"रोज?"

"रोज."

तो हसला नाही. हात जोडून म्हणाला, "मालक, त्याला देव वर दाखवा."

म्हणून पेटी जमिनीवर उतरवली. मोंढ्यातले चार हमाल आले, पाणी उपसलं, नंद्याला कपडे धुण्याच्या टबात ठेवून झाकणावर गुंडप्पाला बसवलं. गुंडप्पा तंबाखू मळायला जरा उठला, तेवढ्यात नंद्यानं उडी घेतली ती थेट त्याच्या धोतरात. साठ वर्षं अंड्याला न शिवलेला माणूस, "काढा रे, काढा रे" करत अंगणभर नाचला. मासा सुखरूप आहे. गुंडप्पा दोनदा अंघोळ करून आला आणि आता आमच्याकडं पाणीसुद्धा पीत नाही. गोळ्या आता तरंगणाऱ्या, तेही थोड्या थोड्या. टोकदार दगड काढले, खालची काच जुन्या कॅलेंडरनं झाकली, वर पिवळा चेंडू सोडला. पाणी वेळेवर बदलतो. काचेवर टकटक करणाऱ्याला वर्षाराणी उंबऱ्यातूनच परतवून लावते, कारण बिचकला की तो डोक्यानं काचेवर आदळतो.

उजवा डोळा काही परत वर आला नाही, तो येणारही नाही म्हणतात. डावा सरळ आहे. पण एक गोष्ट मनातून जात नाही, अक्का. ते दुखणं होतं आणि आम्ही सगळे त्याला भक्ती म्हणत होतो. हात जोडून बघत होतो. त्या मुक्या जिवाला सांगता येत नाही. आणि ज्याला सांगता येतं तो... असो.

भावजींना शरणार्थी, लेकरांना आशीर्वाद.

तुझा,
रेवणप्पा

ता. क. नंद्या आता खाली आणि मी स्टुलावर. तो मान वर करून माझ्याकडं बघतो, छान वाटतं. फक्त उजेडही त्याच्याबरोबर खाली गेला. तळहातावरचं लिंग मला दिसत नाही. काल बेलाचं पान अंगठ्यावर वाहिलं. देवघरात बसून बघितलं, गच्चीवर उन्हात बसून बघितलं, सगळीकडं धुकंच.

ता. क. आणखी एक. तुझा तो डोळ्याचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो? मी घाबरत नाही, पण शेजारी कुणी असलेलं बरं. तू ये. "मी सांगत होते" हे एकदाच, स्टँडवर म्हणून घे. दवाखान्यात नको.

ता. क. शेवटचं. महांतेशला डोळ्याचं बोलू नकोस. नंद्याच्या नव्हे, ते त्याला ठाऊक आहे. माझ्या.