हातावरचा मारुती

अमृतसर,
ऑक्टोबर १९४७

तीर्थरूप आयेस,
धाकलूचं तुझ्या पायांवर डोकं.

मी इथं बरा हाय. दोन वेळ गरम जेवण मिळतं, बूटही नवे दिलेत. काळजी करू नको. भात कापून झालं का? तुझा गुडघा कसा हाय?

आमचं काम पहाऱ्याचं. देशाचे दोन झाले, म्हणून मुसलमान लोक आगगाडीनं पलीकडं जातात. आमी त्यांना सांभाळून पोचवतो. साहेब सांगतो, गाडीत बसला त्याचा धर्म विचारायचा नाय. मलाही ते पटतं.

परवा गाडी उन्हात खोळंबली. डब्यात एक म्हातारी होती, तुझ्याच वयाची. मांडीवर नात, आपल्या तानीएवढी. पोरीचे ओठ सुकून फुटले होते. मी बाह्या सारून पाण्याची बाटली पुढं केली. पोरीनं हात केला, तेवढ्यात म्हातारीला माझ्या हातावरचा मारुती दिसला. तिनं पोरीचं तोंड दाबूनच धरलं. पाण्यात विष असंल असं तिला वाटलं. मी आधी घोट पिऊन दाखवला, तरी नाय. पोर बाटलीकडं बघत राहिली. पुढचं लिहीत नाय.

मारुती तू माझ्या राखणीला गोंदवलास, तुझी काय चूक? पण आता मी बाही खालीच ठेवतो. आंघोळीलाही त्या हाताकडं बघवत नाय.

दिवाळी झाली की गोंदणारीण येईल. तानीच्या हातावर फूल काढ, मोर काढ, पण देव नको. तू रागावशील, तरी एवढं ऐक. कुणाला पाणी देताना माझ्या पोरीला हात लपवायला लागू नये.

तुझा लेक,
धाकलू