मेजर कुसाकाबेवरचा सूड

१४ ऑगस्ट, चिनी प्रजासत्ताकाचं विसावं वर्ष (परदेशी हिशेबाने १९३१). दुपारी.

आजपासून रोजनिशी. कारण एकच. मेजर कुसाकाबेवर सूड उगवायचा आहे, आणि त्याची प्रत्येक पायरी कुठेतरी लिहिलेली असावी. ही वही माझ्याशिवाय कुणी वाचायची नाही.

घडलं ते असं. सान्‌वान स्टेशनवर प्रांताचे मोठे अधिकारी येणार होते. फलाटावर बँड, सोयाबीनचे व्यापारी, शाळेची पोरं, माझी पलटण. मी, जनरल लुआन देफू, ज्याच्या हुकमाशिवाय या तालुक्यात गाढवही ओरडत नाही, तलवारीवर हात ठेवून उभा. गाडी आत शिरायला लागली. तेवढ्यात कुसाकाबे पुढे आला. हा जपान्यांनी माझ्या गळ्यात बांधलेला सल्लागार. माझ्या पोटावरचं सुटलेलं बटण त्याने स्वतःच्या हाताने लावलं आणि वर दोनदा थोपटलं. बँडमधला ढोलवाला हसला. मग पलटण हसली. मग व्यापारी.

ढोलवाल्याला कोठडीत टाकलं. त्याचं झालं. कुसाकाबेचं राहिलं.

शिवाय तीन वर्षांपूर्वी आमचे धनी थोरले मार्शल यांची आगगाडी जपान्यांनीच उडवली, ते त्यातच गेले. तेव्हा मी ज्वारीची दारू जमिनीवर ओतून शपथ घेतली होती. म्हणजे दोन सूड साठले. एकदमच उरकू.

१६ ऑगस्ट. सकाळी.

कर्नल बियानला बोलावलं. आम्ही दोघं डोंगरात वाटमारी करायचो तेव्हापासूनचा माझा माणूस. वीस वर्षं मला दादा म्हणतो. सुडाचा विषय काढला. तो म्हणाला, दादा, यात विषय काय काढायचा, तो सकाळी एकटाच नदीवर पोहायला जातो, तुम्ही नुसती मान हलवा, उद्या तो पोहून परत यायचा नाही.

मान हलवली नाही. बियान शूर आहे, पण त्याला राजकारण कळत नाही. कुसाकाबेकडून पुढच्या महिन्यात तोफगोळे यायचे आहेत. आधी गोळे घ्यायचे, मग त्याच गोळ्यांनी त्याला उडवायचा. बियानला हे दोनदा समजावलं. तो माझ्याकडे बघत राहिला. समजलं नसावं.

३० ऑगस्ट

सुडाची सुरुवात यशस्वी. कुसाकाबेला मेजवानी दिली आणि हरणाचं म्हणून गाढवाचं मटण वाढलं. त्याने तीनदा मागून घेतलं. मग मी उभा राहून भाषण केलं. त्यात त्याला समुद्रावरून वाहत आलेला कचरा म्हणालो. दुभाषी यिन मास्तरने वाक्यन्‌वाक्य जपानीत सांगितलं. कुसाकाबे उठला आणि कमरेत वाकून त्याने मला नमस्कार केला. पुरता खचला होता.

रात्री रुईफेन म्हणाली, (ही माझी धाकटी बायको, जपान्यांच्या दाईरेन बंदरात वाढलेली, म्हणून जपानी समजते) अहो, मास्तरांनी सांगितलं की मेजरसाहेब म्हणजे समुद्रावरून चालत आलेला सूर्य. आणि गाढव त्यांच्या आवडीचं आहे, स्वयंपाक्याला त्यांनीच सकाळी सांगून ठेवलं होतं.

यिनला जाब विचारला. तो म्हणाला, सरकार, मला चार लेकरं आहेत.

९ सप्टेंबर

तोफगोळे आले. पन्नास पेट्या. गोळे मोठे, माझ्या तोफांची तोंडं लहान. कुसाकाबे म्हणाला, गोळ्यांना बसणाऱ्या तोफाही येतील, फक्त एका कागदावर शिक्का हवा. नदीकाठचं माळरान विमानं उतरवायला द्यायचं. त्या माळावर गावाची थडगी आहेत.

मी शिक्का उलटा मारला. उलटा शिक्का कायद्याने चालत नाही. त्याला पत्ताही लागला नाही. त्याने शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कागद नेला.

२० सप्टेंबर. घाईत.

परवा रात्री जपान्यांनी आमची राजधानी मुकदेन घेतली. एका रात्रीत. आपल्या फौजांना वरून हुकूम की प्रतिकार नको, बंदुका कोठारात ठेवा. बियान धावत आला. म्हणाला, दादा, कुसाकाबे आत्ता आपल्याच पाहुण्यांच्या खोलीत आहे, सोबत दोन कारकून. त्याला धरू, खालचा रेल्वेपूल पाडू आणि माणसं घेऊन डोंगरात जाऊ. आपल्याला डोंगर काय नवीन आहेत का?

योजना उत्तम. माझीच आहे, मी मनात धरून होतो. पण माझी दाढ ठणकतेय, गाल सुजून कानापर्यंत आलाय. सुजलेल्या गालाने सूड घेतला तर लोक नावं ठेवतील. शरद पौर्णिमेचा दिवस ठरवला. तो फराळाला येईल. मी कप खाली ठेवला की बियानने दारातून आत शिरायचं.

२६ सप्टेंबर. पौर्णिमा.

दाढ बरी. सकाळपासून हात शिवशिवत होते. कुसाकाबे आला तो कागद घेऊन. नवी शांतता समिती होणार, तिचा अध्यक्ष मी. लाल फीत, शिक्का, मोटारगाडी.

अध्यक्ष झालो तर शत्रूच्या पोटात शिरल्यासारखंच आहे. आतून सूड घेणं जास्त घातक. म्हणून कप खाली ठेवलाच नाही. सबंध दोन तास हातात धरून बसलो. बोटं आखडली, चहा गार झाला, पण धरून ठेवला. इतका ताबा सगळ्यांना जमत नाही.

बियान दाराबाहेर दोन तास उभा होता. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, चहा संपला का दादा.

११ ऑक्टोबर

माळ सपाट करताहेत. उलटा शिक्का त्यांनी सुलटाच वाचला. बियानच्या आईचं थडगं तिसऱ्या रांगेत होतं. त्याने काल येऊन विचारलं, दादा, तुम्हाला ठाऊक होतं ना? मी म्हणालो, मी बघतो. तो म्हणाला, काय बघता, आजच नांगर फिरलाय.

त्याला तीन दिवस रजा दिली. उत्तम लाकडाची शवपेटी देतो म्हणालो. त्याने पेटी नाही घेतली. ज्वारीच्या टोपलीत, हाताने माती चाळून चाळून, हाडं गोळा केली आणि टोपली पाठीला बांधून डोंगराकडे नेली. मी माडीच्या खिडकीतून बघत होतो. म्हातारी मला वाटमारीच्या काळात लपवून भाकरी द्यायची.

कुसाकाबेच्या खात्यावर हा तिसरा सूड. आता मात्र त्याची गय नाही. या आठवड्यात काहीतरी करतोच. बुधवार नको, बुधवारी समितीचा फोटो आहे.

१९ ऑक्टोबर

बियान पहाटे गेला. तीनशे चाळीस माणसं, सगळे घोडे, दोन्ही मशीनगन. माझ्या बिछान्याजवळच्या पहारेकऱ्यालाही नेलं. निरोप ठेवून गेला: दादांना सांगा, मी त्यांचाच हुकूम पाळतोय, ते विसरले असतील तर त्यांना आठवण करून देऊ नका.

हे माझ्या योजनेत होतंच. मी आतून, तो बाहेरून. फक्त त्याने मला विचारायला हवं होतं. आणि घोडे थोडे ठेवायला हवे होते.

१६ नोव्हेंबर

बियानने रेल्वेपूल पाडला. मग मालगाडी. मग सैनिकांची गाडी. बाजारात त्याचंच नाव. न्हावी माझी दाढी करताना म्हणाला, कर्नल बियान म्हणजे मर्द गडी. मी म्हणालो, त्याला युद्ध शिकवलं कुणी? न्हावी म्हणाला, कुणी का शिकवेना, त्याला आलं ना.

कुसाकाबेने विचारलं, हा बियान तुमचा माणूस ना? मी म्हणालो, छे, भुरटा चोर, मी कधीच हाकलला होता. हे अर्थात बियानला वाचवण्यासाठी. रुईफेनला हा डाव सांगितला. तिने कापत असलेल्या कोबीवरून मान वर केली नाही.

८ डिसेंबर. थंडी कडक.

कुसाकाबेने मला बियानला पत्र लिहायला लावलं. मजकूर त्याचा, शिक्का माझा. की बारा तारखेला दुपारी चार माणसं घेऊन जुन्या तेलघाण्यापाशी ये, मी एकटा भेटतो, दादाचा शब्द. प्रत्यक्षात घाण्यात कुसाकाबे तीस शिपाई घेऊन लपणार.

नाही म्हणणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण कुसाकाबेने आपलं पिस्तूल टेबलावर ठेवलं. रोखलं नाही, नुसतं ठेवलं, नाक शिंकरायला हात मोकळे हवेत म्हणून.

तरी मी त्याला फसवलंच. पत्रात माझ्या पदरचं एक वाक्य घातलं: भाऊ बियान, तुझ्या बुद्धीचं मला फार कौतुक आहे. वीस वर्षांत मी त्याचं कधी कौतुक केलेलं नाही. वाचताक्षणी त्याला धोका कळेल. कुसाकाबेने ते वाक्य वाचून मान डोलावली, छान म्हणाला. मूर्ख.

खेचरवाला छू म्हातारा पत्र घेऊन गेला.

११ डिसेंबर

झोप नाही. समजा, बियानने वाक्य घाईत वाचलं तर? समजा, खरंच कौतुक वाटलं तर? त्याला कौतुकाची सवय नाही, खूश होऊन येईल.

सकाळी माणूस पाठवून त्याला अडवावं असा विचार केला. पाठवायला भरवशाचा माणूस नाही. स्वतः जावं तर घोडा नाही. मोटार आहे, पण तिचा ड्रायव्हर कुसाकाबेचा. चालत सहा कोस. बूट घातले. मग काढले, बर्फ फार होता.

१२ डिसेंबर. संध्याकाळी.

कुसाकाबे मेला.

तो तेलघाण्यात शिरण्याआधीच बियानची माणसं आत होती, कडब्याखाली. तीसपैकी सात परत आले. कुसाकाबेच्या छातीत गोळी, जागच्या जागी.

सूड झाला. माझ्या पत्राने झाला. जागा माझी, वेळ माझी, वाक्य माझं. कपभर दारू ओतली, थोरल्या मार्शलांसाठी जमिनीवर शिंपडली, उरलेली प्यालो. अर्धी मिशीवर सांडली. आनंदानेच असावी.

१४ डिसेंबर

छू म्हातारा परत आला. विचारलं, पत्रातलं ते वाक्य ऐकून बियान काय म्हणाला? म्हातारा म्हणाला, कुठलं वाक्य, सरकार? कर्नलला वाचता कुठे येतं? माझ्याही डोळ्यांना दिसत नाही. त्यांनी पत्र उलगडलंच नाही. निघताना कानावर पडलं तेवढंच मी तोंडी सांगितलं, की दादांनी बारा तारखेला तेलघाण्यापाशी बोलावलंय. ते म्हणाले, दादा बोलावतोय म्हणजे जपानी येणार. मग पत्राच्या कागदात तंबाखू वळून ओढली, अर्धी मला दिली.

वीस वर्षं त्याला आलेले हुकूम मीच वाचून दाखवायचो. विसरलो.

मी म्हणालो, पण बियानला एवढं तरी वाटलं असेल ना, की दादाने मुद्दाम बोलावलं? म्हातारा खेचराला चारा घालत होता. म्हणाला, ते मी विचारलं नाही सरकार, आणि त्यांनीही तुमचं पुन्हा नाव काढलं नाही.

१७ डिसेंबर

कुसाकाबेची अंत्ययात्रा. समितीचा अध्यक्ष म्हणून पेटीमागे पहिला मी. भाषण यिनने लिहिलेलं. सुरुवातीला नुसतं वाचत होतो. मधेच मी खरंच रडलो, हुंदके देऊन. जपानी अधिकाऱ्यांनी माना लववल्या. बाजारातले लोक दुकानांच्या फळ्यांमागून बघत होते. एक बाई थुंकली. कुणाकडे बघून ते कळलं नाही.

घरी रुईफेनने विचारलं, इतकं काय रडलात? चार महिने सकाळी उठलो की पहिला विचार त्याचा असायचा. चहा पिताना, मिशा कापताना, त्याला कसा मारू, कुठे मारू. आता उठून काय करायचं?

तिला म्हणालो, सूड पुरा झाला म्हणून. ती म्हणाली, अहो, तो बियान भावजींचा होता.

तिने माहेरी दाईरेनला जायचं तिकीट काढलंय. एकाच माणसाचं.

३ जानेवारी. सकाळी.

नवा सल्लागार आला. सव्वीस वर्षांचा लेफ्टनंट, चष्मा, सर्दी. माझ्याबद्दल त्याला राग नाही, लोभ नाही. पलटण बघायची म्हणाला. बियानच्या मागे रोज रात्री दोन-चार माणसं जात होती, हे मला ठाऊक होतं, पण मोजणी मी लांबणीवर टाकली होती. आज अंगणात हजेरी घेतली. अकरा. त्यात स्वयंपाकी आणि कोठडीतून सोडलेला ढोलवाला धरून.

लेफ्टनंट म्हणाला, अकरा जणांच्या दोन ओळी होत नाहीत. मग चष्मा पुसून माझ्याकडे बघितलं, आणि हाताने जागा दाखवली.

दुसऱ्या ओळीत, उंचीप्रमाणे, डावीकडून चौथा. बारा जण झाल्यावर ओळी सरळ दिसल्या. त्याने वहीत खूण केली. उद्यापासून हजेरी सहाला आहे.