खांडेनवमीसाठी राखलेले मोजे

इतवारी, नागपूर
३ ऑक्टोबर १९७२

तीर्थरूप मधुकरदादांना,

गोपिकेचा डोक्यावर पदर घेऊन नमस्कार. जाऊबाईंनाही सांगावा. इकडे सगळं ठीक आहे. तुमच्या भावाचा हात जरासा भाजला, म्हणून पत्र मी लिहिते आहे. भासऱ्यांशी मी कधी तोंड वर करून बोलले नाही. काही अधिकउणं झालं तर पोटात घाला.

पोळ्याला तुम्ही आलात तेव्हा ह्यांना कारखान्यातून नवे हातमोजे मिळाले होते, जाड कातड्याचे, कोपरापर्यंतचे. डब्यावर ‘गॉन्टलेट’ छापलेलं. तुम्ही इंग्रजीचे मास्तर, मग काय विचारता! सांगायलाच बसलात. फ्रेंच लोक मोज्याला ‘गाँ’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. चिलखत घालणाऱ्या लढवय्याचा हा लोखंडी मोजा, तो समोर फेकला की आव्हान, उचलला की लढाई कबूल. दोन रांगांमधून मार खात पळायच्या शिक्षेलाही इंग्रज हेच नाव देतात, पण तो शब्द मुळात वेगळा, स्वीडनचा. तुम्ही हसत मोजा फेकला, ह्यांनी उचलला. घरात किती हसू होतं त्या दिवशी.

तुम्ही गेल्यावर ह्यांनी मोजे देवापाशी ठेवले. “लढाईचं हत्यार हाय थे. खांडेनवमीले पुजल्याबिगर हात नाही लावाचा.”

मी म्हटलं, “जुने तं फाटले, काहून घालून राहिले?”

“चार दिवसानं काही मरत नाही मी.”

दादा, जरासं भाजलं हे मी खोटं लिहिलं. भट्टीवर पितळेचा रस सांडला आणि फाटक्या मोज्यातून आत गेला. हात काळा पडला आहे. वास येतो. डॉक्टर म्हणतात, विष वर चढतंय, मनगटापासून काढला नाही तर माणूस जाईल. हे ताप चढेपर्यंत एकच सांगत होते, “हात काढसान तं मले घरी नेऊ नका.” आता बोलणंही बंद आहे.

देवा, एवढी विद्या त्याच दिवशी कशाला आठवली तुम्हाला! तुम्हाला दोष देत नाही, असं लिहिणार होते. देते. पण तुम्हाला देऊन माझा काही सुटत नाही. ते मोजे भट्टीवर नेऊन द्यायला मला कोणी अडवलं होतं? हत्यार म्हटल्यावर मीही हात जोडले.

शेजारचे नानाजी इथून दवाखान्यातूनच तुमच्या उमरेडला निघालेत, हे पत्र त्यांच्या हाती देते. तुमची वाट पाहायची असं मनात होतं. तुमच्या शब्दाबाहेर हे नाहीत, तुम्ही समजावलं असतं तर कबूल झाले असते. पण डॉक्टर थांबायला तयार नाहीत. सही मी केली. आत्ताच त्यांना आत नेलं.

वाचले, तर शुद्धीवर आल्यावर उजवा हात शोधतील. तेव्हा मी एकटी नको त्यांच्यापुढे. नानाजींबरोबरच या, दादा. मला शिव्या दिल्या तर देऊ द्या, मध्ये पडू नका. फक्त खोलीत उभे राहा.

तुमच्या भावाचा हात न विचारता कापायला दिलेली,
गोपिका