सुकटीची वरची मूठ

आये, तुला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुझी मुलगी आता स्वयंपाकघरात बसून सुकट विकते. हसू नकोस. डोक्यावर टोपली नाही, एसटीत नाक मुरडून "मागं बसा" म्हणणारा कंडक्टर नाही. लोक मोबाइलवर ऑर्डर देतात, मी ओट्यावरच्या काट्यावर सुकट नि सुकवलेल्या कोळंबीचे सोडे तोलते, पाकिटं मशीनवर बंद करते आणि दुपारी कुरियरवाला दारातून खोकी उचलून नेतो. सोबत माझ्या थोरल्या जाऊबाई असतात. त्या राजापूरच्या, कामाला काटेकोर. भरलेलं खोकं तोलायचं आणि त्या वजनाची चिठ्ठी छापून वर डकवायची, हे त्यांचं खातं. चिकटपट्टी लावून खोकं बंद करायचं माझ्याकडे. गल्लीतली मांजरं कुरियरवाल्याच्या आधी हजर असतात.

मध्यंतरी हे सगळं बंद पडायची वेळ आली होती. कुरियरच्या मिरजोळ्याच्या गोदामातून फोन आला, "ताई, तुमचं प्रत्येक खोकं चिठ्ठीपेक्षा जड भरतंय. पुन्हा असं झालं तर घरून माल उचलणं बंद करू." आपल्याला ना दुकान, ना गाळा. उचल थांबली की धंदा संपला. जाऊबाईंनी काट्याचे सेल बदलले, मग काटाच बदलला, ओट्याला उतार आहे म्हणून काटा जमिनीवर मांडला. तरी गोदामातून तीच तक्रार. शेवटी त्या चिठ्ठी छापायचं सोडून माझ्यासमोर येऊन बसल्या, आणि मी नेहमीसारखी मूठभर सुकट छोट्या पिशवीत बांधून खोक्यात सरकवली, वर चिकटपट्टी ओढली.

"अगो, काटा कुठला बिघडलाय, तुझा हात बिघडलाय!" त्या ओरडल्या, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की सासूबाई बाहेरून विचारायला आल्या.

खरं सांगते, मला पत्ताच नव्हता. आठवतं, लहानपणी पालीच्या बाजारात मी तुझ्याशेजारी बसलेय, शाळेला सुट्टी आहे, नि तू पहिल्यांदाच माझ्या हातात माप दिलं आहेस. मी ते भरते आणि शाळेत शिकवल्यासारखी वरून तळवा फिरवून सपाट करते. तू गिऱ्हाइकादेखत माझ्या हातावर चापट मारतेस. "मापलंस ता त्याचाच हाय गो. आपल्या हातचा काय दिलंस? घाल वर मूठ!" मला रडू फुटलं होतं, पण मूठ घातली. तेव्हापासून हात आपला घालतोच आहे, मला न विचारता.

जाऊबाई म्हणाल्या, "मूठ आधी घाल, मग तोलू. एवढं सोपं हाय." एक दिवस तसंही करून पाहिलं. पण एकदा वजनात धरली की ती वरची कसली? मी दिवसभर फुरंगटून बसले. या वयात, आये! दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनीच तोड काढली. त्यांनी हौसेनं जाड, गुळगुळीत कार्डं छापून घेतली होती, 'आपले मनःपूर्वक आभार' अशी, प्रत्येक खोक्यात घालायला. त्यांनी काट्यावर आधी कार्ड, मग माझी मूठ असं तोलून पाहिलं, दोन्ही जवळपास सारखीच. आता खोकं कार्डासकट तोललं जातं, चिठ्ठी डकवली जाते, मग मी कार्ड काढून घेते आणि मूठ घालते. ते एकच कार्ड रोज वजन म्हणून राबतंय, त्याचे कोपरे मळलेत आणि त्याला सोड्यांचा वास लागलाय. गोदामातून पुन्हा फोन नाही. बाकीच्या कार्डांचं काय करायचं हे जाऊबाईंना विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

आज मात्र नागपूरहून एका बाईंचा फोन आला. खोक्यात एक पुडी जास्त निघाली, दुसऱ्या कुणाची आली का, परत पाठवू का, असं विचारत होत्या. मी म्हटलं, "नाही हो, तुमचीच आहे. ती आमच्या आईची मूठ." त्यांना फार बरं वाटलं. म्हणाल्या, "असं आता कोण देतं? आईंना माझा नमस्कार सांगा हं." मी म्हटलं, "सांगते." जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं खोकं काट्यावर ठेवलं.

म्हणून हे लिहायला बसले. हे कुठं पाठवायचं नाही, ठाऊक आहे मला. पण सांगते म्हटलं होतं, तर त्यांचा नमस्कार घे. तू गेलीस हे मी त्यांना सांगितलं नाही, आये. तू आतल्या खोलीत आहेस असं त्यांना वाटलं, आणि फोन चालू होता तोवर मलाही तसंच वाटत राहिलं.