सुकत घातलेला पाय

१८ नोव्हेंबर
बाबांना अलिबागला नेलं. अर्ध्या दिवसाची रजा, साहेबांचं तोंड वाकडं. उजव्या अंगठ्याखाली जखम. होडीचा तळ खरवडताना कालवाचं शिंपलं घुसलं असणार. कधी, ते त्यांनाही ठाऊक नाही. साखरेने पाय बधिर झालेत. ओटीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा घरात कळलं.

डॉ. बाई तरुण, पण बोलणं ठणठणीत. बाबा म्हणाले, "दुखत न्हाय मना, मंग कशाला काळजी?" त्या म्हणाल्या, "काका, दुखत नाही हेच तर वाईट आहे."

त्या पायावर भार द्यायचा नाही. साखर ताब्यात. मेलेली कातडी त्याच काढणार. आणि जखम पट्टीखाली झाकलेली, ओलसर ठेवायची. खपली धरू द्यायची नाही. नवी कातडी ओलाव्यावरूनच पुढे सरकते म्हणाल्या. पूर्वी उघडी ठेवायचे, आता तपासून बघितलंय, झाकलेली लवकर भरते.

२० नोव्हेंबर
आत्याला हे काही पटत नाही. बाबांची थोरली बहीण, आई गेल्यापासून घरात तिचाच शब्द. आणि जन्म गेला बोंबील सुकवण्यात. "ओलं ऱ्हायलं का कुजतं. ह्ये शिकवाला डाक्टरीण कशाला पायजे?"
म्हटलं, आत्या, बोंबील मेलेला असतो, बाबा जिवंत आहेत.
दोघंही हसली. मला वाटलं, पटलं.

२९ नोव्हेंबर
कडेने गुलाबी दिसतंय! डॉ. बाई खूश, आता पट्टी आठवड्यानेच सोडायची म्हणाल्या. येताना बाबांनी रिक्षा बंदरावर थांबवायला लावली. उतरले नाहीत, नुसती होडी बघितली. "शिमग्याआधी जाईन ना गो दर्यावर?" जाल म्हटलं. आणि खरंच तसं वाटत होतं.

६ डिसेंबर
डोकं फिरलंय. नीट लिहिता येत नाही.
ऑफिस लवकर सुटलं. घरी आले तर मागच्या अंगणात बोंबलांच्या दांड्यांखाली बाबा खुर्चीत, पाय स्टुलावर, पट्टी सोडलेली, जखम थेट उन्हात. आत्या शेजारी बसून माश्या वारतेय. ऊन सरकलं तसं तिने स्टूल सरकवलं, बोंबील उलटावा तसा पायही जरा फिरवला.
आठवडाभर रोजचंच हे. मी रिक्षात बसले की पट्टी सुटायची, मी यायच्या आत परत बांधून तयार. अगदी माझ्यासारखी, कोपरे दुमडून. इतके दिवस मला कळलं नाही.
"बघ कशी खडखडीत झाली," आत्या म्हणाली. कौतुकाने. वर काळी कडक खपली.
मी काय काय बोलले देव जाणे. शेजारणी जमल्या. बाबा एवढंच म्हणाले, "आत्याला बोलू नको. माज्यासाठीच करत व्हती ती."

७ डिसेंबर
डॉ. बाईंनी खपली उचलली. खोलीभर वास. आत पू, बोटाच्या मुळापर्यंत. बारीक सळी घालून बघितली तर कडक लागलं. हाड.
त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसता एक्स-रे लिहून दिला.

१० डिसेंबर
हाड नासलंय. अंगठा आणि शेजारचं बोट काढायचं, तेही लगेच. थांबलो तर पाऊल जाईल.
बाबा: "अंगठा न्हाय तर होडीच्या फलीवर पाय रोवाचा कसा?" कोणाला विचारत होते कोण जाणे.
आत्या जेवली नाही. "मीच नासवला माजा भाऊ." मला तिची समजूत घालवेना. घालायचीही नव्हती. राग जात नाही माझा, आणि तिच्याकडे बघवतही नाही.

१२ डिसेंबर
काल झालं. दोन्ही बोटं गेली. जखम मुद्दाम शिवलेली नाही, वर ओलसर पट्टी. तळापासून भरत यायला हवी. किती महिने, सांगता येत नाही म्हणे.

२ जानेवारी
घरी. ड्रेसिंग मी करते, आत्या हात धुवायला पाणी देते आणि आत निघून जाते. अंगणातल्या दांड्या रिकाम्या. यंदा बोंबील घातलेच नाहीत तिने.
बाबा आता सगळं ऐकतात. गोड नाही, उजवा पाय जमिनीला टेकवणं नाही. कुबड्या मात्र नको म्हणतात, गाव बघेल. भिंत धरून डाव्या पायावर उड्या मारत मोरीपर्यंत जातात, आणि आत्याला हाकसुद्धा मारत नाहीत. होडी चुलतभावाने नेली. कुठे गेली, काय मिळालं, काहीच विचारत नाहीत. यापेक्षा भांडले असते तर बरं.

९ जानेवारी
जखम थोडी भरतेय. तळाला लाल दाणे, डॉ. बाईंना हवे तसे. दुसरा पायही रोज हाताने चाचपा, असं त्यांनी बजावलं होतं. आज डावा तळवा हातात घेतला. अंगठ्याखाली लालभडक, आणि गरम. सगळा भार त्याच्यावरच पडतोय ना.
बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.
"ह्यो तरी चांगला हाय ना गो?"
दाबून बघितलं. विचारलं, दुखतंय का?
"न्हाय," ते म्हणाले. आणि हसले.