कबुतरं एका मताने जिंकली

गोडादरा, सुरत
रविवार दुपार

तीर्थरूप बन्सीलाल मामा,

भाच्याचं डोकं तुमच्या पायांवर आहे असं समजावं. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला, की अजून पहाटे सगळी गल्ली उठवतो? आम्ही इथे बरे आहोत, म्हणजे शोभा बरी आहे, सोनाली बारावीला आहे, आणि माझं पुढे सांगतो. फोन न करता पत्र का, तर तुम्ही फोनवर सगळ्याला 'हो हो' म्हणता आणि शेवटी विचारता, कोण बोलतंय? शिवाय आमच्या चाळीत फोनवरचं बोलणं आधी शेजाऱ्यांना कळतं. अक्षर सोनालीचं आहे. मी सांगतो, ती लिहिते. (मधेच ती 'बाबा, हे नको लिहायला' म्हणते. तेही लिही अशी तिला ताकीद आहे.)

तर डोळे. दोन्हींत मोतीबिंदू आहे, आणि उजवा तर नुसता शोभेला राहिलाय. मी सचिन औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात साड्या तपासतो हे तुम्हाला ठाऊक आहे. डाग, तुटका धागा, छपाईतली चूक सापडली की साडी बाजूला काढायची. आता मला साडीच कशीबशी सापडते. तुटका धागा बोटांना कळतो, डाग कळत नाही. भूपेंद्र शेठला हे समजलं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवतील. ज्याला दिसत नाही असा तपासनीस कुठला मालक ठेवील? मीही ठेवला नसता. ऑपरेशनला सुट्टी हवी, सुट्टीला कारण हवं, आणि खरं कारण सांगितलं की नोकरी गेली. म्हणून इतके दिवस अंदाजावर आणि चेतनच्या भरवशावर रेटत आलो. चेतन म्हणजे आमचा पॅकिंगवाला, पारोळ्याकडचा. (त्याचं नाव तोंडात घ्यायचं नाही असं मी ठरवलंय, पण त्याच्यावाचून ही हकीकत पुढे सरकत नाही.)

अशात शेठचा मुलगा रोहित अहमदाबादहून कसलंसं मॅनेजमेंट शिकून आला. त्याचं म्हणणं, मोठ्या कंपन्यांत दानधर्म कुठे करायचा ते कर्मचारी ठरवतात, त्याचे फोटो निघतात, आणि गिऱ्हाइकावर छाप पडते. शेठनी आम्हा सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाले, "आपणी कंपनी फॅमिली छे. बधा मळीने नक्की करो." म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवा. (फॅमिली म्हणजे काय, तर पगारवाढ मागायची नाही.) मग काय विचारता! ज्यांनी जन्मात भिकाऱ्याला सुटे पैसे दिले नाहीत ते दुसऱ्याच्या पैशाने कर्ण झाले. कुणाला गावच्या देवळाला कळस हवा, कुणाला गणेश मंडळाला ढोल, एकाने तर मेव्हण्याची व्यायामशाळा सुचवली. मी सुचवला डोळ्यांच्या दवाखान्याचा ट्रस्ट. त्यांची पद्धत अशी, की देणगी देणाऱ्या कंपनीत ते स्वतः येऊन सगळ्यांचे डोळे तपासतात आणि लागेल त्याचं ऑपरेशन करतात. म्हणजे माझा मोतीबिंदू डॉक्टरनेच सगळ्यांसमोर शोधला असता, आणि शेठना नाइलाजाने पहिल्या पेशंटला हार घालून फोटो काढावा लागला असता. हार घातलेल्या माणसाला आठवडाभर तरी नोकरीवरून काढता येत नाही.

शेठनी सगळी नावं उडवून दोन ठेवली. एक माझे डोळे, दुसरी कबुतरं. कबुतरांसाठी चबुतरा बांधायचा, त्यावर रोज दाणे, आणि दगडी पाटीवर शेठच्या वडिलांचं नाव. शेठ म्हणाले, माझा काही आग्रह नाही. (ज्याचा आग्रह नसतो तो मतदानाच्या वेळी खोक्यांपाशी हात मागे बांधून उभा राहत नाही.) पण मी काय कच्चा आहे? आठवडाभर एकेकाला गाठून, चहा पाजून, शपथा घेतल्या. निम्म्याहून जास्त माणसं माझ्याकडे. चेतन तर म्हणाला, "भाऊ, तू घाबरू नको, मी शे ना!"

मतदानाला दोन खोकी ठेवली होती आणि प्रत्येकाला साडीच्या काठाची एक चिंधी दिली होती. मी छाती पुढे काढून गेलो, चिंधी टाकली, आणि शेठकडे बघून हसलोसुद्धा. मोजणी झाली. कबुतरं एका मताने जिंकली.

एका मताने, मामा! माझा चहा पिऊन, आईची शपथ घेऊन, कुणीतरी कबुतरांना मत दिलं. कोण ते मला त्याच क्षणी कळलं. चेतनची ड्यूटी खोक्यांपाशी होती. निकाल लागल्यावर मी त्याच्याजवळ गेलो, तर हा मान खाली घालून दोऱ्याच्या गाठी मारतोय. मी विचारलं, तर म्हणाला, जाऊ दे ना भाऊ, झालं ते झालं. ज्याचं मन साफ असतं तो असं बोलतो का? तेव्हापासून मी त्याच्यासोबत डबा खात नाही. बाकीचेही माझ्याशी असे गोड बोलतात, जणू माझ्या घरी कुणी गेलंय. सगळे सामील असणार. दगाबाज लेकाचे! (सोनाली म्हणते, दगाबाज नको. लिही, आणि ठळक लिही.)

गेल्या रविवारी चबुतऱ्याचं उद्घाटन झालं. आम्हाला रांगेत उभं करून मूठ मूठ ज्वारी उधळायला लावली. पाटीवर शेठच्या वडिलांचं नाव हातभर अक्षरात आहे आणि तळाशी बारीक 'कर्मचारीवृंद' असं कोरलंय म्हणे. कबुतरं धष्टपुष्ट आहेत. त्यांनाही मोतीबिंदू होत असेल, पण झाला म्हणून कुणी त्यांना कामावरून काढत नाही. मला मात्र रात्री झोप लागत नाही. सोनालीचं शिक्षण अजून सगळं पुढे पडलंय.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
भगवान

ता. क. तुमच्या धुळ्याच्या धर्मादाय दवाखान्यात हे ऑपरेशन फुकट होतं असं कळलं. तेव्हा एक मेहेरबानी करा. तुम्ही आठ-दहा दिवस अत्यवस्थ व्हा. म्हणजे मला सुट्टी मागता येईल.

ता. क. दुसरा. शेठना फोन मामींनी करावा. अत्यवस्थ माणूस स्वतः फोन करत नसतो. आजार हृदयाचा सांगा, चुकूनही डोळ्याचा सांगू नका.

आजोबा, मी सोनाली. हे बाबांनी सांगितलेलं नाही. अजून काय लिहितेस म्हणून ते विचारतायत, मी म्हटलं पत्ता. ते एक मत बाबांचंच होतं, मला चेतनकाकांनी सांगितलं. खोक्यांवर मोठी चित्रं चिकटवली होती, तरी त्यांनी चिंधी कबुतरांच्या खोक्यात टाकली. चेतनकाकांनी आणि मागे उभ्या सगळ्यांनी पाहिलं, पण शेठ शेजारीच होते. कुणी हाक मारली असती तर तपासनिसाला दिसत नाही हे तिथेच उघड झालं असतं, म्हणून सगळे गप्प बसले. चेतनकाका अजून रोज जेवणाच्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, बाबांनी पास केलेल्या साड्या पुन्हा तपासतात. मी म्हटलं, मी बाबांना सांगते. तर म्हणाले, आत्ता सांगशील तर उद्यापासून ते तपासणीच्या टेबलाला हात लावणार नाहीत, त्यापेक्षा शिव्या मला देऊ दे.

आजोबा, लवकर आजारी पडा.