पोर्टलवर काहीच दिसत नाही

१ डिसेंबर, रविवार

आज माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, हार.

वधू-वर मंडळाची सभा होती. अध्यक्ष केशोराव काकांनी माईक हातात घेऊन जाहीर केलं की योगराजने स्वतःचा विचार न करता समाजासाठी स्वतःला वाहून घेतलं आहे, म्हणून आजपासून तो मंडळाचा मार्गदर्शक. टाळ्या बराच वेळ चालल्या. बाकीचे मार्गदर्शक सत्तरीच्या पुढचे आहेत. तेहतिसाव्या वर्षी हा मान मिळणारा मी पहिलाच. (तेहतीस हे बायोडाटातलं वय. शाळेच्या दाखल्यावर पाच जास्त आहेत, पण पूर्वी मास्तर लोक अंदाजे लिहायचे.)

काका भाषणात आणखी काहीतरी म्हणाले. शाल खांद्यावरून घसरत होती, ती सावरताना दोन-तीन वाक्यं हुकली. महत्त्वाचं असतं तर पुन्हा म्हणाले असते.

आईने घरी आल्यावर नारळ देव्हाऱ्यात ठेवला आणि न जेवताच अंथरूण घातलं. फार आनंद झाला की तिचं असंच होतं.

२ डिसेंबर, सोमवार

मार्गदर्शक झाल्यामुळे जबाबदारी वाढली. बावीस तारखेला मोठा मेळावा. संकल्प: तोपर्यंत रोज सकाळी ऑनलाइन फॉर्मचं दुकान उघडण्याआधी पोर्टलवर डेटाबेसची तब्येत पाहायची.

डेटाबेस दोन आहेत, एक वधूंचा, एक वरांचा. मीच क्लाऊडवर चढवले. म्हणजे चढवले दुर्गेश्वरीने, काकांची पुतणी, नागपूरला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पण त्या वेळी फोनवर मी होतो आणि प्रत्येक स्टेपला हो म्हणत होतो. हुशार मुलगी. मला योगराजभाऊ म्हणते. ऑफिसच्या कामात असंच म्हणावं लागतं.

दिवाळीनंतर मी एक तांत्रिक सुधारणाही केली होती. मुलीकडच्यांना मोबाईलवर जी 'योग्य स्थळं' दिसतात, त्यात समाजकार्याचा अनुभव असलेला उमेदवार वर यावा. असा उमेदवार सध्या मी एकटाच निघालो. त्याला माझा इलाज नाही.

सकाळी पोर्टल उघडताना एक लांबलचक इंग्रजी मेसेज आला. खाली ओके होतं. ओके केलं. मेसेज वाचत बसणं नवशिक्यांचं काम.

३ डिसेंबर, मंगळवार

दोन्ही डेटाबेस गायब.

स्क्रीनवर एवढंच, की दाखवण्यासाठी काहीही उपलब्ध नाही. रिफ्रेश केलं. लॅपटॉप बंद करून चालू केला. कॅश साफ केला. दुसऱ्या ब्राउझरने पाहिलं, मग मोबाईलवरून. सगळीकडे तेच पांढरं पान.

कालचा तो मेसेज डोक्यातून जात नाही. त्यात 'रिमूव्ह' असा एक शब्द होता असं आता वाटतं. मी काय काढायला ओके म्हणालो?

दुकानात एका बाईंचा आधारचा पत्ता दोनदा चुकवला. लोकांना काय माहीत माझ्या डोक्यावर काय आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

क्लाऊडचे साठे जगभर असतात, त्यामुळे रिजन चुकली असेल. मुंबई पाहिली. नाही. हैदराबाद, सिंगापूर, नाही. शेवटी आयर्लंडसुद्धा पाहिलं, जरी आमगावची मुलगी आयर्लंडात सापडणं अवघड आहे. फिल्टर काढले, लावले, पुन्हा काढले.

सपोर्टला तिकीट टाकलं. माझ्या इंग्रजीत जोर आहे, लगेच दखल घेतील.

कुणाला सांगितलेलं नाही. केशोराव काकांना बीपी आहे.

७ डिसेंबर, शनिवार

सपोर्टचं उत्तर आलं. तुमचे डेटाबेस व्यवस्थित सुरू आहेत, कृपया तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरशी संपर्क साधा.

ॲडमिनिस्ट्रेटर मीच आहे. मीच माझ्याशी संपर्क साधू? एवढ्या मोठ्या कंपनीत मूळ प्रश्न समजणारा एक माणूस नसावा!

निर्णय झाला. आता यंत्रावर विसंबायचं नाही. घरोघरी जाऊन सगळे बायोडाटा आणि फोटो नव्याने गोळा करायचे. लोकांना खरं कारण सांगायचं नाही, 'फेरपडताळणी' म्हणायचं. फेरपडताळणी म्हटलं की आपल्याकडे कुणी काही विचारत नाही.

८ डिसेंबर, रविवार

विचारतात.

कुडव्यातल्या पहिल्याच घरी रुख्माबाईंनी दारातच अडवलं. म्हणाल्या, "कालच तं मोबाईलवर तीन स्थळं आले बाप्पा, तू कायले फिरून राहिला घरोघरी?" मी समजावलं की डेटाबेस रिकामा झाला तरी काही दिवस त्यातून मेसेज येत राहतात. टाकी संपली तरी नळाला थोडं पाणी येतंच ना. त्या म्हणाल्या, आमच्या नळाले टाकी भरली तरी येत नाई. मग चहा दिला. बायोडाटा दिला नाही, मोबाईलवर पाहून घे म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत चार फोटो जमले. त्यातल्या एका मुलाचं मागच्या वर्षीच लग्न झालंय असं नंतर कळलं.

११ डिसेंबर, बुधवार

पॅसेंजरने सौंदडला गेलो. श्यामलालजींच्या अंगणात थ्रेशर चालू होतं, सगळीकडे कोंडा उडत होता. त्यांनी मशीन थांबवून मला खाटेवर बसवलं. मार्गदर्शकाचा मान! त्यांची मुलगी रेणू, एकतीस वर्षांची, बी.एड. झालेली. ती पाणी घेऊन आली.

श्यामलालजी म्हणाले, "पयले रेणूच्या यादीत सगळ्यात वरते तुमीच येत होते. चार-सा मायने झाले, वरते तुमीच. आता या मयन्यात नाई येऊन राहिले. काऊन? जमलं का कुठी?" मी नम्रपणे हसलो. (चार-सहा महिने कसे? सुधारणा दिवाळीनंतरची आहे. शेतकरी माणूस, वेळेचा हिशोब सैल.)

रेणूला सांगितलं की माहिती पुन्हा लागेल, फोटोही. ती म्हणाली, "माहा फोटो हरपला असन तं हरपू द्या ना भाऊ. तीन वर्षं झाले, तोच फोटो फिरून राहिला. लोकं त्यातली साडी ओळखतेत, मले नाई ओळखत." असं म्हणून हसली. वडील हसले नाहीत. मग तिने विचारलं, "तुमचाही फोटो गेला का?"

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसलो होतो. भीती वाटली. मी काही रोज मोठी आशा धरून बसत नाही. पण दुकान बंद करताना मनात असायचं की आज कुणीतरी, कुठल्यातरी गावात, स्क्रीनवर मला पाहिलं असेल. नको म्हणाले असतील, पण पाहिलं तर असेल. आता वरांच्या यादीत नुसती रिकामी जागा असेल तर मी आहे कुठे?

गोंदियाला उतरल्यावर भजी खाल्ली. बरं वाटलं. ॲसिडिटी होती.

१५ डिसेंबर, रविवार

हिंमत करून दुर्गेश्वरीला फोन केला. एकदम धक्का नको म्हणून आधी हवामानाबद्दल बोललो. मग सहज विचारलं की डेटाबेस कसे आहेत. ती म्हणाली, छान आहेत भाऊ, मेळाव्याची पुस्तिका छापायलासुद्धा गेली.

बिचारीला काहीच माहीत नाही! जुन्या कॉपीवरून छापत असणार. मी विषय पुन्हा हवामानावर आणला. हे ओझं एका माणसाने वाहिलेलं बरं.

तिने मध्येच विचारलं, भाऊ, तुम्हाला काकांनी नीट सांगितलं होतं ना? मी म्हणालो, हो हो, सगळं. फोन ठेवताना मात्र तिचा आवाज जरा वेगळा लागला. माझ्याबद्दल तिच्या मनात काहीतरी आहे.

१९ डिसेंबर, गुरुवार

पोर्टल: पांढरं. रोज सकाळी पाहतो, संकल्प मोडलेला नाही.

जमवलेले बायोडाटा धानाच्या एका पोत्यात, आमच्याकडच्या चुंगडीत, भरून ठेवलेत. चुंगडी अर्धीसुद्धा भरलेली नाही आणि त्यात लग्नपत्रिकाही बऱ्याच आहेत. लोक हाताला लागेल ते देतात.

आईने विचारलं, "मेळाव्यात तुहा कोणता फोटो देऊ?" मी म्हटलं, सिस्टीममध्ये आहे, तू लक्ष घालू नको. ती थोडा वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "काका त्या दिवशी माईकवर काय बोलले, समजलं का तुले?" मी म्हटलं, समजलं. म्हणाली, "मले नाई वाटत." मी चिडलो. दोन पोळ्या कमी खाल्ल्या. घरात आधीच टेन्शन काय कमी आहे?

२१ डिसेंबर, शनिवार

उद्याची योजना. पडद्यावर काहीच दिसणार नाही. हॉलमध्ये गोंधळ. काकांचा बीपी. त्याच क्षणी मी चुंगडी घेऊन स्टेजवर जाईन आणि म्हणेन, घाबरू नका, समाजाची मुलंमुली माझ्याकडे सुरक्षित आहेत. भाषण पाठ आहे. केस कापून आलो. शाल घ्यायची.

२२ डिसेंबर, रविवार

सगळं दिसत होतं.

हॉलमध्ये मोठा पडदा, टेबलाशी दुर्गेश्वरी लॅपटॉप घेऊन. एकेक मुलगा-मुलगी माईकवर येऊन परिचय देत होती आणि मागे त्यांची माहिती येत होती. फोटो, शिक्षण, गाव. एकही हरवलेला नाही. मी दारात चुंगडी घेऊन उभा. एका स्वयंसेवकाला वाटलं भोजनाचे तांदूळ आले, त्याने ती उचलून स्वयंपाकाकडे नेली.

मला धरून स्टेजवर मार्गदर्शकांच्या खुर्चीत बसवलं. डाव्या बाजूच्या आजोबांना ऐकू येत नव्हतं, उजव्या बाजूचे झोपले होते. पुस्तिका दिली. वरांचा विभाग उघडला. य पाहिला. मग सगळी अक्षरं पाहिली. मग वधूंचा विभागही पाहिला, छपाईत चूक होऊ शकते.

शेवटच्या पानावर होतो. मार्गदर्शक मंडळ. शालीतला फोटो. खाली ओळ: 'आजन्म अविवाहित राहून समाजसेवेचे व्रत घेतलेले तरुण कार्यकर्ते.'

शाल सावरताना हुकलेली वाक्यं हीच.

चहाच्या वेळी दुर्गेश्वरीकडे गेलो. ती हळू आवाजात बोलली, इकडे-तिकडे बघत. डेटाबेस कुठेच गेले नव्हते भाऊ. ज्याची परवानगी काढली त्याला पोर्टलवर काही दिसत नाही, इतकंच. मेसेज आला होता, तुम्ही ओके केलं. सगळ्या मुलींना सगळ्यात वर तुम्हीच दिसत होता, आईबाप काकांना फोन करून भांडत होते. काकांना तुम्हाला दुखवायचं नव्हतं. म्हणून सत्कार.

मी विचारलं, आणि माझी माहिती? ती म्हणाली, मार्गदर्शक उमेदवार नसतो ना. सभेत विचारलं होतं, कुणाची हरकत आहे का. तुम्ही टाळ्या वाजवत होता.

मग श्यामलालजी आले. हात जोडून म्हणाले, "मार्गदर्शक साहेब, त्या तिरोड्याच्या पोराची जरा चौकशी करून द्या ना रेणूसाठी. तुमचा शब्द लोकं मानतेत." मागे रेणू उभी होती. साडी नवीन होती. मी म्हणालो, करतो. दुसरं काय म्हणणार?

स्टेजवरून आई दिसत होती. जेवणं झाल्यावर ती दुर्गेश्वरीच्या टेबलाशी गेली, पिशवीतून माझा फोटो काढला आणि बराच वेळ वाकून काहीतरी सांगत बसली. मी पुस्तिकेत तोंड घालून राहिलो. लाज वाटली, आणि आई तिथून हलू नये असंही वाटलं.

२३ डिसेंबर, सोमवार

काही लिहायचं नाही. चुंगडी परत मिळाली. तिरोड्याचा मुलगा चांगला आहे, तसं श्यामलालजींना कळवलं.

२५ डिसेंबर, बुधवार

सवयीने पोर्टल उघडलं. आज वरांच्या यादीत एक नोंद दिसली. एकच.

योगराज. वय ३८. व्यवसाय: कुडव्यात ऑनलाइन फॉर्म व झेरॉक्सचं दुकान. शेती: अडीच एकर, धान. फोटो आईच्या पिशवीतला, मागच्या पोळ्याचा, बैलाशेजारी उभा आहे तो. स्वभाव: 'पोरगा चांगला आहे. आईले एकटी सोडत नाही. सांगितलेलं ऐकत नाही, पण बायकोचं ऐकन.'

वय दुरुस्त करायला गेलो. व्यवसायात निदान 'डिजिटल' हा शब्द तरी हवा होता. बटण दाबलं, दाबलं जाईना. खाली बारीक अक्षरात मेसेज आला. या वेळी पूर्ण वाचला. आपणास फक्त वाचण्याची परवानगी आहे.

मग वाचलं. शेवटची ओळ दोनदा.